पंधरा मिनिटांवरचा माणूस

किशोरीच्या फॉर्मवर अकरा रकाने होते. नाव, वय, पत्ता, चालू औषधं, आधी कुठे उपचार घेतले का, वगैरे. नववा रकाना असा होता: ‘तुमच्यापर्यंत पंधरा मिनिटांत पोचेल अशा एका माणसाचं नाव आणि नंबर.’ तो भरल्याशिवाय ती पहिलं सत्र सुरू करत नसे. लोक कुरकुरत. नाशिकच्या एका मुलीने इमारतीच्या वॉचमनचं नाव दिलं होतं, दुबईतल्या एकाने खालच्या मजल्यावरच्या केरळी शेजाऱ्याचं. किशोरीला ते चालत असे. तो माणूस मायेचा असायला हवा असं नव्हतं. अंतराने जवळ असला की पुरे.

सहा वर्षांत हा नियम तिने एकदा मोडला. कुडाळ तालुक्यातल्या सुदेश परबांसाठी.

किशोरी नोंदणीकृत समुपदेशक होती. पुण्यात एका रुग्णालयात बारा वर्षं काम केल्यावर, तीन वर्षांपूर्वी ती आईच्या आजारपणासाठी मालवणला धुरीवाड्यात परत आली. आई चौदा महिन्यांनी गेली. किशोरी राहिली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिने दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, इन्व्हर्टर बसवला आणि आधीपासून थोडं थोडं चालू असलेलं ऑनलाइन काम पूर्णवेळ सुरू केलं. दिवसाला पाच माणसं, क्वचित सहा. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ती तेच प्रश्न विचारी. आता कुठे बसला आहात? घरात आणखी कोण आहे? दार लावलं आहे का? पाणी जवळ आहे का? रडणाऱ्या माणसाला पडद्यातून पाण्याचा ग्लास देता येत नाही, म्हणून तो आधीच भरून ठेवायला सांगायचा. फोन तुटला तर ती दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा लावणार, आणि तरी लागला नाही तर नवव्या रकान्यातल्या माणसाला कळवणार, हेही ती प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगे. माणसं हो म्हणत आणि विसरून जात. ती विसरत नसे.

तिच्या ऑनलाइन माहितीपानावर गाव मात्र अजून ‘पुणे’ असंच होतं. सुरुवातीला बदलायचं राहिलं. नंतर तिच्या लक्षात आलं की जिल्ह्यातले जे तीन-चार जण तिच्याकडे आले ते ‘पुणे’ वाचूनच आले होते. मग तिने ते तसंच ठेवलं.

मालवणात ती काय करते हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. खालच्या घरातली सीताकाकी अंगणात मासे साफ करता करता तिला दर दोन दिवसांनी हाक मारायची.

"काय गो किशोरी, आज किती जणांक रडयलंस?"

"चौघांक."

"आणि हसयलंस किती?"

"एकाक. तो पण चुकान."

"बसान बोलान पोट भरता तर माका पण शिकव गो. माझा तोंड फुकट चलता."

त्या दिवसभरात किशोरी समोरासमोर एवढंच बोललेली असे. बाकीचं बोलणं कानावरच्या हेडफोनमध्ये व्हायचं आणि ते कोणाला सांगायचं नसे.

सुदेश परबांची नोंद त्यांच्या मुलाने, ओमकारने केली होती. ओमकार मालवाहू जहाजावर इंजिनियर. नोव्हेंबरमध्ये बोटीवर चढण्याआधी त्याने किशोरीला सांगितलं, ‘बाबा बरे आहेत असं म्हणतात. पण तीन महिन्यांत आठ किलो वजन गेलंय.’ पुढच्या गुरुवारी ठरलेल्या वेळी तिचा फोन वाजला. पडद्यावर चित्र नव्हतं. आवाज स्वच्छ होता, प्रत्येक शब्द सुटा.

"नमस्कार. परब बोलतोय. पाच वाजून शून्य मिनिटं."

त्यांनी कणकवली डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे एकतीस वर्षं भोंग्यावरून सांगितलं होतं. मे महिन्यात निवृत्त झाले होते.

"कॅमेरा लावायला हवा का, मॅडम? मला समोर माणूस असला की बोलता येत नाही. मी कायम केबिनमधूनच बोललो."

"नका लावू. आता कुठे बसला आहात?"

"घरीच."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाही. बायको मार्चमध्ये गेली. हार्ट अटॅक."

"दार लावलं आहे?"

"हो. कुलूप आहे."

घरात बसलेला माणूस दाराला कुलूप कशाला लावेल, हा प्रश्न तिला त्या दिवशी पडला नाही. मागे वारा ऐकू येत होता आणि बुलबुल. पडवीत बसले असतील, असं तिने धरलं.

नवव्या रकान्यात त्यांनी ओमकारचं नाव घातलं होतं.

"ओमकार तर बोटीवर आहेत," किशोरी म्हणाली. "मला तुमच्या वाडीतलं कोणी हवं. शेजारी चालेल. त्यांना मी काहीही सांगणार नाही. फक्त गरज पडलीच तर."

"वाडीतल्या एकाचं नाव घातलं की वाडीला सांगितल्यासारखंच झालं." ते जरा हसले. "तुम्ही पुण्याच्या, मॅडम. तुम्हाला कळायचं नाही. इथे एका घरात थर्मामीटर लावला की दुसऱ्या घरात ताप किती ते माहीत असतं."

तिला ते पूर्ण कळत होतं. तिच्या आईचा रिपोर्ट तिच्या हातात पडायच्या आधी मच्छीमार्केटात पोचला होता. पुण्यात बसलेल्या कुठल्याही समुपदेशकाने इथे हट्ट धरला असता, नाव घेतल्याशिवाय पुढे गेला नसता. किशोरी इथली होती. तिला त्यांची अडचण पटली आणि तिने लिहिलं: ‘मुलगा (जहाजावर).’

आठ गुरुवार ते वेळेवर आले. पाच वाजता फोन, सहाला दोन मिनिटं असताना ‘आता गाडी सोडतो’. त्यांना झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. वाडीतल्या बायकांनी बारी लावून घेतली होती. सोमवारी एका घरचा डबा, मंगळवारी दुसऱ्या. डबा आणणारी बाई विचारी, ‘जेवलास मा?’ आणि ते म्हणत, ‘जेवलंय.’ अर्धा डबा गाईला जायचा. डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही म्हणून ते त्यात मूठभर आमसुलं घालायचे. बायकोने आदल्या उन्हाळ्यात वाळवलेली, बरणीभर होती.

किशोरीने त्यांच्याबरोबर दिवसाचं वेळापत्रक बसवलं. उठणं, आंघोळ, गाय, पेपर, दोन वेळचं जेवण. ते त्यांना जमलं, कारण वेळापत्रक त्यांना समजत होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी तीन मिस्ड कॉल सांगितले. बायकोचे. चार दहा, चार चौदा, चार एकवीस. ते ड्युटीवर होते, सणाची गर्दी होती, फोन खिशात थरथरला तो त्यांना कळला होता. ‘नंतर करू म्हटलं. देवगड गाडी लागत होती.’ पाचला त्यांनी उलट फोन लावला तेव्हा तो वाडीतल्या माणसाने उचलला.

किशोरीने त्यावर चार सत्रं काम केलं. बायकोने फोन कुठून केला होता, हे तिने एकदाही विचारलं नाही.

नववा गुरुवार बावीस जानेवारीला आला. आवाज नेहमीसारखाच होता. कदाचित थोडा हलका, आणि तोच तिला खटकला.

"झोप कशी झाली?"

"छान. चार दिवस छान झोपतोय."

"काही बदललं का?"

"कामं उरकली, मॅडम. गाय दिली मेव्हण्याला. घराची कागदपत्रं ओमकारच्या नावाने लिफाफ्यात घालून ठेवली. सगळे डबे परत गेले. आमसुलं संपली."

किशोरीने पेन खाली ठेवलं.

"पुढच्या गुरुवारी काय करणार आहात?"

"पुढच्या गुरुवारी तुम्ही दुसऱ्या कोणाला वेळ द्या. गरजू असतात माणसं."

अशा वेळी आडून विचारायचं नसतं. विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. किशोरी हे शिकली होती आणि दुसऱ्यांना शिकवतही होती.

"परब साहेब, मी सरळ विचारते. तुम्ही जीव द्यायचं ठरवलं आहे का?"

वारा ऐकू आला.

"तुम्ही विचारलंत, बरं वाटलं," ते म्हणाले. "इतर सगळे जेवलास का विचारतात."

आणि फोन बंद झाला. पाच चोवीस.

तिने लगेच लावला. बंद. सव्वीसला लावला. बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘मी इथे आहे. फोन लावा.’ एक टिक आली, दुसरी नाही. नवव्या रकान्यातल्या नंबरवर लावला. ओमकारचा फोन समुद्रात कुठेतरी सेवेबाहेर होता. पाच एकोणतीसला तिने एकशे बाराला फोन केला, नाव, गाव, वाडी, वय सांगितलं, कारण सांगितलं. पलीकडच्या बाईने शांतपणे लिहून घेतलं. गाडी निघेल, पण त्या बाजूला पोचायला चाळीस-पन्नास मिनिटं लागतील.

मालवणहून तिथे स्कूटरने दीड तास. किशोरीने चावी हातात घेतली होती ती ठेवून दिली. दीड तास फोनपासून दूर राहणं त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं, तिचं मन तेवढं गुंतलं असतं. पंधरा मिनिटांवरचा माणूस हवा होता आणि तो तिने फॉर्मवर घेतला नव्हता.

मागच्या वर्षी तिने त्या भागातल्या आशा सेविकांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं होतं. तो व्हॉट्सअ‍ॅपचा गट अजून होता. त्यात गावांच्या नावापुढे नंबर होते. परबांच्या गावापुढे ‘सावित्री’ होती. पाच छत्तीसला फोन लागला.

"किशोरीताई! मालवणच्या मा? बोला बोला. मी तिठ्यार आसंय, रेशनच्या लायनीत."

"सावित्रीताई, लाइनीतून बाजूला या. एकट्या उभ्या राहा." ती बाजूला आल्यावर किशोरीने शक्य तेवढं कमी सांगितलं. सुदेश परब. त्यांच्या जिवाला धोका असू शकतो. आत्ताच्या आत्ता घरी जाऊन त्यांना बघायचं.

"घराकडे?" सावित्री म्हणाली. "गुरुवारचे पाच वाजता दादा घराकडे नसतत ताई. सड्यार असतत. त्यांच्या घराकडे रेंज खंय आसा? कोणाच्याच नाय. फोन लावचो तर सड्यार चढाचा लागता."

सडा म्हणजे वाडीच्या वरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. किशोरीला माहीत होतं. तिथल्या निम्म्या गावांत हीच परिस्थिती होती, हेही माहीत होतं.

"ते तिथून फोन करतात, हे तुम्हाला माहीत आहे?"

"सगळ्या वाडयेक माहीत आसा. दर गुरुवारी घराक कुलूप घालतत नि वर जावन बसतत. वयनी थंयच पडली मा. त्यांकाच फोन लावक गेल्ली. त्याच दगडार दादा बसतत. म्हणान आमी त्या येळाक गुरां पण तिकडे न्हेणव नाय. म्हटला, बसांदेत. बोलांदेत तिच्याकडे."

परब किशोरीशी बोलत होते. वाडीला वाटत होतं, ते बायकोशी बोलतात. नऊ आठवडे सगळ्या वाडीने मिळून तो माळ मोकळा ठेवला होता, आणि त्या मोकळ्या माळावर ते एकटे होते.

"सावित्रीताई, वर जा. आत्ता. बरोबर कोणी मिळालं तर घ्या, पण गर्दी नको."

"मी जातंय. धावाक जमाचा नाय, ढोपरां दुखतत. पण जातंय."

त्यानंतरची बावीस मिनिटं किशोरी खुर्चीवर बसून होती. हेडफोन कानावर होता आणि त्यात काहीच नव्हतं. सव्वापाच ते सव्वासहा या वेळात उतरती उन्हं खिडकीतून टेबलावर यायची, ती आली. खालून सीताकाकीने हाक मारली.

"किशोरी! सुरमय साफ करून ठेवलंय, घेवन जा गो! मांजर टपान बसलाहा!" आणि थोड्या वेळाने, "मेली झोपली काय?"

पाच अठ्ठावन्नला फोन वाजला. सावित्री कुजबुजत होती. दम लागला होता.

"आसत, ताई. बसलेले आसत. माका बघूक नाय अजून."

किशोरीने डोळे मिटून उघडले. "जवळ काही आहे?"

"एक पिशवी आसा."

"ती पहिली तुमच्याकडे घ्या. मग त्यांना एकटं सोडू नका. काही समजावू नका. देव, मुलगा, लोक काय म्हणतील, यातलं काही नको. विचारा, मी इथे बसू का. एवढंच."

सावित्रीने फोन बंद न करता ओच्यात खोचला असावा. किशोरीने आपला आवाज बंद केला. कापडाची खसखस, वारा, पावलं, आणि मग आवाज आले, थोडे दबलेले, पण स्पष्ट.

"दादानू."

"सावित्री? तू हंय खंय गो?"

"तुमकाच बघूक इलंय. बसू?"

दगडावर कापड घासल्याचा आवाज आला.

"बसतंय. उभी रवलंय तर पडान जायन. ही पिशवी माझ्याकडे दिया."

"ती ठेव थंय."

"ठेवतंय. माझ्या मांडयेर ठेवतंय."

वारा. किशोरी वाट बघत राहिली. अशा शांततेत तिला बोलायची सवय होती. आता बोलायचं काम तिचं नव्हतं.

"कोणी धाडल्यान तुका?" सुदेश परबांनी विचारलं. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. भोंग्यावरचा सुटा सुटा आवाज तो नव्हताच.

"मालवणच्या किशोरीताईन. तिचो फोन इलो."

"मालवणच्या?"

"होय तर. आमका मागच्या वर्षी ट्रेनिंग दिल्यान ती. धुरीवाड्यात रवता."



"ती पुण्याची मा," ते हळू म्हणाले.

"खंयची पुण्याची! आमच्यासारखीच बोलता. दादानू, तुमका एक सांगू? तुमी गुरुवारचे हंय येतास ह्या आमका सगळ्यांका ठावक आसा."

"सगळ्यांका?"

"पोराटोरांक पण. म्हणान तर ह्या बाजूक कोण येणत नाय. तुमका येळ गावांदे म्हणान."

मग एक आवाज आला जो आधी हसण्यासारखा होता. सावित्रीने बहुतेक पाठीवर हात ठेवला असावा, कारण कापड पुन्हा खसखसलं. तो आवाज खूप वेळ चालला. किशोरीच्या घड्याळात सहा बारा झाले होते.

"चला आता," सावित्री म्हणाली. "माझी ढोपरां गेली चढान. मी एकटी उतराचंय नाय. काळोख व्हायच्या आधी तुमीच माका खाली न्हेवा."

"मी कंट्रोलर गो. गाडी सोडणारो. माका ड्रायव्हर करतंस?"

"आज करतंय. उठा."

किशोरीने तो फोन बंद केला, एकशे बाराला कळवलं की माणूस सापडला आहे. त्यांनी सांगितलं की गाडी तरी येऊन बघून जाईल, नियम आहे. सहा पस्तीसला पोलिसांची गाडी वाडीत पोचली तेव्हा परब मेव्हण्याच्या ओटीवर चहा घेत होते आणि वाडीतली सगळी माणसं अंगणात उभी होती. हे तिला सावित्रीने नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्री आणि मेव्हणा त्यांना ओरोसला डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. घरी झोपायला रोज एक माणूस. ओमकारपर्यंत निरोप पोचला होता, पुढच्या बंदरात तो उतरणार होता.

किशोरीने त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. तिचा स्वतःचा नियम होता, चूक झाली की त्याच दिवशी लिहायची, दुसऱ्या दिवशी ती सुधारून दिसते. तिने लिहिलं: नववा रकाना योग्य नावाशिवाय स्वीकारला. ठिकाण नऊ वेळा विचारलं, एकदाही पडताळलं नाही. त्या गावात घरात रेंज नसते हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतं. माहितीपानावर गाव चुकीचं ठेवलं. शेवटच्या वाक्याखाली ती थोडा वेळ थांबली आणि मग पुढे लिहिलं: जाणूनबुजून.

रविवारी सकाळी अकराला सावित्रीच्या नंबरवरून फोन आला. परब होते.

"नमस्कार, मॅडम." पुन्हा सुटे सुटे शब्द.

"नमस्कार. कसे आहात?"

"गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. बाकी आहे." मग म्हणाले, "मालवणात खंय?"

"धुरीवाड्यात. खाडीच्या बाजूक." तीही मालवणीत बोलली. दुसरं काही बोलणं खोटं झालं असतं. "पानावर पुणे लिहिलेला होता, ता मी काढलंय. आधीच काढूक व्हया होता. माझी चूक. आणि आणखी एक सांगायचा आसा. त्या दिवशी सावित्रीताईंचो फोन चालू होतो. तुमचा बोलणा मी आयकलंय. सहा बारापर्यंत."

"म्हणजे सगळाच."

"सगळाच."

त्यांनी श्वास सोडला. "राग नाय माका. तुमी फोन केलास म्हणान आसंय. ह्या माका समाजता. पण एक सांगू? मी तुमका सांगत होतंय ता कसा, तुमी लांबच्या म्हणान. हंयचा काय तुमका ठावक नाय म्हणान. पत्र टाकल्यासारखा. आता तुमका सडो म्हायत, सावित्री म्हायत, माझो मेव्हणो म्हायत. तुमी वाडीतल्याच झालास." थोडं थांबून ते म्हणाले, "वाडीतल्या माणसांकडे बोलाक येता. सांगाक येणा नाय."

किशोरीने वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यांना पटवून स्वतःकडे ठेवणं हे तिच्या सोयीचं असतं, त्यांच्या नाही.

"माझी एक सहकारी आसा," ती म्हणाली. "तन्वी. अमरावतीची. खरीच अमरावतीची. कोकणात ती कधी येवक नाय, सडो म्हणजे काय तिका सांगाचा लागात."

"माका सांगाचा लागात?"

"तुमका."

"हां," ते म्हणाले. "ता चलात." मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "तो फॉर्म परत भरूचो लागात काय? त्या नवव्यात सावित्रीचा नाव घाला. ती कायम हंयच असता. ढोपरांनी जातली खंय."

मागून सावित्रीचा आवाज आला, "आयकलंय मी!"

किशोरी हसली. पलीकडे तेही हसल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मराठीत, फलाटावरच्या आवाजात आभार मानले आणि फोन ठेवला. त्यांच्याशी ते तिचं शेवटचं बोलणं.

तिने फाईल तयार केली. नऊ सत्रांच्या नोंदी, औषधं, डॉक्टरांचं नाव, आणि बावीस जानेवारीची वेळांसकट हकिकत. परबांची लेखी संमती आली. बुधवारी तिने फाईल तन्वीला पाठवली आणि आपल्याकडची प्रत नियमाप्रमाणे कुलपात टाकली. माहितीपानावर आता मालवण होतं. त्या आठवड्यात कणकवलीच्या एका बाईंनी ठरलेली वेळ रद्द केली. कारण दिलं नाही. किशोरीला ते विचारायची गरज वाटली नाही.

तन्वीचा निरोप शुक्रवारी आला. ‘पहिली भेट झाली. फाईल पूर्ण आहे, धन्यवाद.’

किशोरीने ‘कसे आहेत’ एवढे दोन शब्द लिहिले आणि पुसले. परत लिहिले. पाठवायच्या आधीच तन्वीचा फोन आला.

"तू काहीतरी लिहितेयस आणि पुसतेयस. मला इथे दिसतंय."

"हो."

"विचारू नकोस ना, किशोरी. मला नाही म्हणावं लागेल."

"नाही विचारत."

"त्यांनी तुझ्याबद्दल काही सांगितलं असेल तर तेही मला सांगता येणार नाही."

"माहीत आहे. मीच तुला शिकवलंय ते."

तन्वी हसली. तिच्याकडे रस्त्यावरून कोणाची तरी वरात चालली होती, बँडचा आवाज येत होता. ती खिडकी बंद करून आली.

"बरं. आणखी काय?" तिने विचारलं.

सांगण्यासारखं जे काही होतं ते फाईलमध्ये होतं, आणि फाईल आता तिची नव्हती.

"आणखी काही नाही," ती म्हणाली.